स्फोटाला बगल देणारी गाडी

अकरा टनांच्या आसपास वजनाची एक पोलादी गाडी आहे. तिच्या चाकाखाली २१ किलो टीएनटी स्फोटक फुटले, तर चाक उडून जावे, अ‍ॅक्सल तुटावा, रस्त्याला खड्डा पडावा, गाडी उसळून खाली आदळावी. पण आतली माणसे जिवंत राहावीत, अशा हिशेबाने ती बांधलेली असते. थेट पोटाखाली स्फोट झाला तरी १४ किलोपर्यंत तिने माणसांना वाचवावे, अशी अपेक्षा असते. मूठभर बारूद दगडाच्या चिरफळ्या उडवते हे विहिरीला सुरुंग लावताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या आकड्यांचा अर्थ लगेच कळेल.

महाराष्ट्रात या गाड्यांची खरी गरज भासली ती नक्षलग्रस्त गडचिरोलीत. पोलिसांच्या भाषेत ती भूसुरुंगविरोधी गाडी, किंवा सरळ एमपीव्ही. राज्याच्या एका टोकाला सातपुड्यातला आपला नंदुरबार, दुसऱ्या टोकाला गडचिरोली. दोन्ही आदिवासीबहुल, दोन्ही डोंगर-जंगलांचे, दोन्ही मोठ्या जिल्ह्यांतून वेगळे काढलेले: गडचिरोली १९८२ साली चंद्रपूरमधून, नंदुरबार १९९८ साली धुळ्यातून. पण तिथल्या पोलिसाला डांबरी रस्त्यावर पाऊल टाकताना जो विचार करावा लागला, तो आपल्याकडच्या पोलिसाला कधी करावा लागला नाही.

ही गाडी माणसे वाचवते कशी? तिचे गुपित जाड पोलादात फारसे नाही, आकारात आहे. टीएनटी फुटते तेव्हा स्फोटाची लाट त्या पदार्थातून सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने धावते. क्षणार्धात घन पदार्थाचा तप्त वायू होतो आणि त्याला पसरायला जागा हवी असते. बॉम्ब पुरलेला असेल तर आजूबाजूची माती त्याला दाबून धरते, म्हणून सगळा जोर वर उसळतो. ओल्या मातीत हा मारा आणखी वाढतो. वर साध्या जीपचा सपाट तळ असेल तर तो सगळा तडाखा अंगावर घेतो, आत वाकतो आणि बसलेल्यांचे पाय, मांड्या, मणके मोडतो.

सातपुड्यातल्या घराचे उतरते छप्पर पाऊस दोन बाजूंना सारून देते. तेच छप्पर उलटे करून गाडीच्या पोटाशी लावावे, तसा एमपीव्हीचा तळ असतो: मध्ये खाली निमुळता, दोन्हीकडे वर चढत गेलेला. खालून येणारा वायू आणि माती या उतारावरून बाजूला निसटतात. स्फोटाशी झुंजायचे नाही, त्याला वाट करून द्यायची, एवढीच ती युक्ती. तिच्या जोडीला उंची. स्फोटाच्या अगदी जवळ दाब अंतरागणिक झपाट्याने उतरतो, म्हणून गाडीचे पोट जमिनीपासून जितके वर, तितका मार कमी.

चाके आणि अ‍ॅक्सल या कवचाच्या बाहेर बोल्टने बसवलेले असतात. ते बळी जाण्यासाठीच असतात. तुटले की नवे बसवता येतात. काच म्हणजे काच आणि पॉलिकार्बोनेट यांचे एकावर एक थर. बाहेरचा कठीण थर गोळीचे टोक बोथट करतो, आतला चिवट थर उडणारे तुकडे अडवतो. आणि या सगळ्याइतकाच मोलाचा असतो सीटबेल्ट. तळ शाबूत राहिला तरी अख्खी गाडी वर फेकली जाते. ज्याने पट्टा बांधलेला नाही, त्याचे डोके छताच्या पोलादावर आदळते.

या गाडीची कुळकथा तिच्या रचनेइतकीच थक्क करते. १९७० च्या दशकात ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झिम्बाब्वे, आणि दक्षिण आफ्रिका यांच्या सीमाभागातल्या कच्च्या रस्त्यांवर सुरुंग फुटू लागले. सुरुवातीला ट्रकच्या तळाशी वाळूची पोती रचली गेली, टायरांत पाणी भरले गेले. मग उतरत्या तळाच्या गाड्या आल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली कॅस्पिर. दक्षिण आफ्रिकेची वैज्ञानिक संशोधन परिषद आणि तिथले पोलीस या दोघांच्या आद्याक्षरांची जुळणी करून तिचे नाव ठेवले गेले. म्हणजे लष्करी वाटणारी ही गाडी जन्माला आली पोलिसांसाठी.

पुढे तिचे दोन प्रवास झाले. १९८० च्या दशकात वर्णद्वेषी सरकारने हीच कॅस्पिर कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये घातली. सुरुंगापासून माणूस वाचवणारे यंत्र निदर्शकांना दहशत घालणारे यंत्र झाले. आणि नंतर तीच गाडी पांढरा रंग लावून आफ्रिकेतल्या शेतांमधले सुरुंग काढायच्या कामालाही लागली. पोलाद तेच, तळ तोच. ती कोणाकडे तोंड करून उभी आहे, यावर सगळे ठरले.

भारतीय लष्कराने १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅस्पिर आणल्या. त्या धर्तीवर ‘आदित्य’ ही भारतीय गाडी मेदक आणि जबलपूरच्या सरकारी कारखान्यांत बनू लागली आणि नक्षलग्रस्त भागांतल्या दलांना मिळाली. म्हणजे आपल्याकडे पोलिसांना लष्कराने टाकून दिलेल्या गाड्या मिळाल्या नाहीत. लष्करी घडणीच्या गाड्या नव्याने बनवून मिळाल्या.

पण या गाडीचीही हद्द ठरलेली आहे. बॉम्ब पुरणारा माणूस स्फोटकाचे वजन दुप्पट, चौपट सहज करू शकतो. पोलादाचे वजन तसे वाढवता येत नाही. १३ मार्च २०१८ रोजी छत्तीसगडमध्ये सुकमा जिल्ह्यातल्या किस्टारामजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाची भूसुरुंगविरोधी गाडीच उडवली गेली आणि ९ जवान गेले. शिवाय अवजड गाडीला पक्का रस्ता लागतो, आणि रस्ता ठरला की मोरी ठरली, मोरी ठरली की बॉम्बची जागाही ठरली. उंचीमुळे वाचवणारी गाडी उंचीमुळेच कलंडूही शकते. शहाद्याहून तोरणमाळला जाणाऱ्या सातपायरी घाटाची वळणे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे डोंगरात अशी गाडी हाकणे काय असेल याचा अंदाज येईल.

म्हणून गडचिरोली पोलिसांचा मोठा भरवसा पायांवर राहिला. १९९० साली तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी स्थानिक तरुणांमधून सी-६० हे पथक उभे केले. जंगल, वाटा, बोली जाणणारी ही मुले दिवसच्या दिवस पायी फिरत. रस्त्याने जायचेच तर आधी रोड ओपनिंग पार्टी निघते: श्वान, धातुशोधक यंत्रे, प्रत्येक मोरीखाली वाकून पाहणारे जवान. एमपीव्ही यांच्या मागून येते.

आणि हे काहीच नसले तर? १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेड्याहून पुराड्याकडे निघालेले शीघ्र कृती दलाचे १५ जवान खासगी वाहनात होते. जांभुळखेड्याजवळ स्फोट झाला. १५ जवान आणि वाहनचालक, कोणीही वाचले नाही. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर कामा रुग्णालयाजवळ गोळ्यांना सामोरे गेले ते साध्या क्वालिस गाडीत. त्यानंतर मुंबई पोलिसांकडे महिंद्राच्या चिलखती ‘मार्क्समन’ आल्या. पोलिसाला चिलखत कशाला, असे विचारणाऱ्याने या दोन तारखा आठवाव्यात.

पण चिलखताची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे, आणि ती अमेरिकेत दिसली. इराक आणि अफगाणिस्तानातल्या सुरुंगांसाठी अमेरिकेने उतरत्या तळाच्या वीस हजारांहून अधिक गाड्या बांधल्या. त्यांतल्या काहींच्या घडणीत कॅस्पिरच्या संशोधनातले व्हर्नन जॉइंट यांचे ज्ञान होते. युद्ध ओसरले, गाड्या उरल्या. लष्कराची जास्तीची सामग्री पोलिसांना देण्याची योजना आधीपासून होतीच. तिच्यातून शेकडो गाड्या गावोगावच्या पोलिसांना जवळजवळ फुकट मिळाल्या. २०१३ साली ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पोलिसांनाही एक मिळाली. जिथे सुरुंग नाहीत, तिथे सुरुंगाची गाडी! ऑगस्ट २०१४ मध्ये फर्ग्युसन गावात पोलिसांच्या गोळीने एक तरुण गेला, लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यासमोर चिलखती गाड्या उभ्या राहिल्या. देश हादरला. २०१५ साली ओबामा सरकारने अशा सामग्रीवर निर्बंध घातले, २०१७ साली ट्रम्प सरकारने ते उठवले.

हा प्रश्न आता आपल्याही दारात येणार आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या केंद्रीय नेतृत्वातला भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. रस्त्याखालचे सुरुंग संपोत, यापरती आनंदाची गोष्ट नाही. पण मग त्या गाड्यांचे काय करायचे? उद्या कोणी म्हणेल, पडून राहण्यापेक्षा दुसऱ्या जिल्ह्याला द्या, मोर्चा-बंदोबस्ताला वापरा. नंदुरबारने ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेतलेल्या शाळकरी शिरीषकुमारवर आणि त्याच्या सोबत्यांवर चाललेल्या पोलिसी गोळ्या पाहिल्या आहेत. निःशस्त्र जमावासमोर काय उभे करायचे, हा प्रश्न या गावाला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

माझे मत स्पष्ट आहे. जिथे रस्त्याखाली मरण पुरलेले आहे, तिथे जवानाला उत्तमातली उत्तम गाडी मिळालीच पाहिजे; खासगी वाहनात त्याला पाठवणे अक्षम्य आहे. जिथे तसा धोका नाही, तिथे ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. धडगाव-अक्कलकुव्यातल्या नर्मदाकाठच्या पाड्यांना तरंगता दवाखाना लागतो, कारण तिथली अडचण पाण्याची आहे. पोलिसांची साधनेही अशीच जमीन पाहून ठरायला हवीत. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांना वाहने मिळतात, तो पैसा तुमचा-आमचा आहे. नवी गाडी येईल तेव्हा तिच्यासमोर फोटो जरूर काढा. पण ही गाडी कोणत्या धोक्यासाठी आली, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधीला आधी विचारा.