फवारणी पंपाची बॅटरी आणि वऱ्हाडचा उन्हाळा

पोळ्याच्या सुमारास आमच्या अकोल्याकडे पऱ्हाटी फुलापात्यांवर असते. पावसाने जरा उघडीप दिली, की फवाऱ्याची एकच घाई उडते. अशाच एका सकाळी माझा बॅटरीचा पंप दोन ओळींतच बंद पडला. रात्रभर चार्जिंगला लावलेला, दिवाही हिरवा झालेला! तणतणत दुकान गाठले. दुकानदाराने एवढेच विचारले, "भाऊ, दिवाळीपासून याले चार्जिंग देल्ली काय?" मी गप्प.

आता यातले इंगित ऐका. या 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. प्रत्येक घरात शिशाच्या पट्ट्या आणि पातळ गंधकाम्ल. वीज वापरली, की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटची बारीक भुकटी बसते. चार्जिंग केले, की ती विरघळते. पण बॅटरी तशीच पडून राहिली, तर भुकटीचे टणक खडे बनतात आणि ते सहजी विरघळत नाहीत. मग चार्जरला लावताच व्होल्टेज झटकन चढते, चार्जर फसतो, हिरवा दिवा लावून मोकळा होतो. पोटात मात्र वीज नसतेच.

पडून राहिलेली बॅटरी आपोआपही उतरते, आणि उष्णतेत अधिकच वेगाने. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. टिनाच्या कोठ्यातले तर विचारूच नका!

तेव्हा हंगाम संपला, की पंप पूर्ण चार्ज करून सावलीत, गार जागी ठेवावा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करावा. हंगामात फवारा मंदावला, की थांबावे. त्याच संध्याकाळी चार्जिंग द्यावी. चार्जर त्याच पंपाचा हवा. चार्ज होताना स्फोटक हायड्रोजन वायू निघू शकतो, म्हणून कडब्याजवळ, बंद खोलीत नको. जवळ विडी तर नकोच.

पंपाची बॅटरी सीलबंद असते, ती उघडू नये. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला मात्र बहुधा पाणी लागते. ते डिस्टिल्डच हवे. आपल्या खारपाणपट्ट्यातले विहिरीचे पाणी घातले, तर त्यातल्या क्षारांनी पट्ट्या खराब होतात.

मेलेली बॅटरी मुलांसमोर फोडू नका, स्वतःही फोडू नका. शिसे विषारी आहे. 2022 च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. माझी मी दुकानातच दिली आणि नवी घेतली. फवारा चार दिवस लांबला तो लांबलाच.