बारमाही धक्का आणि गोळ्यातले छिद्र

अंजनवेलच्या द्रवरूप नैसर्गिक वायूच्या (एलएनजी) स्थानकास यापुढे ऐन पावसाळ्यातही जहाजे लागू शकतील, ही वार्ता रत्नागिरी जिल्ह्यात समाधानाने वाचली गेली, आणि ते साहजिकच होते. येथला वीजप्रकल्प उभारणाऱ्या एन्रॉन कंपनीचे नाव निघाले की गुहागर तालुक्यात अजूनही दोन तट पडतात, तेव्हा त्या पुराणाची उजळणी येथे करीत नाही. 2005 नंतर रत्नागिरी गॅस अँड पॉवर, 2013 पासून द्रवरूप वायूची नियमित आवक, पुढे कोकण एलएनजी ही स्वतंत्र कंपनी, आणि वर्षाला 50 लाख टनांची क्षमता कागदावर असूनही लाटरोधक भिंतीअभावी पावसाळ्यात ओस पडणारा धक्का, एवढे स्मरण पुरे. आता टनांचे व रुपयांचे हिशेब सर्वत्र छापून येत आहेत. ज्या गोष्टीचा उल्लेख मला कोठेही आढळला नाही, ती ही की या बारमाहीपणाने स्थानकाची पावसाळी सवड हिरावून घेतली आहे.

कोकणातला मच्छीमार 1 जून ते 31 जुलैच्या बंदीकाळात होडी वर ओढून शाकारतो आणि मग स्वस्थपणे तिच्या सांधी तपासतो. समुद्राने सक्तीने दिलेली अशी फुरसत यंत्रांनाही मानवते. जहाज येणार नाही हे ठाऊक असताना एखादी वाहिनी रिकामी करून तिच्यावरचा व्हॉल्व्ह खोलणे निराळे, आणि पुढल्या जहाजाची तारीख डोक्यावर असताना तेच काम उरकणे निराळे. अतिशीत द्रवावरील बॉल व्हॉल्व्हच्या बाबतीत हा फरक जिवावर बेतणारा आहे.

उणे 162 अंश सेल्सियसला द्रव झालेला हा वायू पुन्हा उबदार झाला म्हणजे सुमारे 600 पट जागा मागतो. आता बॉल व्हॉल्व्हची घडण पाहा: आरपार भोक पाडलेला पोलादी गोळा पाव फेरा फिरवला की मार्ग बंद होतो, परंतु बंद होताना त्या भोकात आणि गोळ्याभोवतीच्या पोकळीत थोडा द्रव कोंडला जातो. नळ रिकामा, दाबमापकावर शून्य, सर्व काही निर्धोक, असे दप्तरी नोंदले जात असताना हा ओंजळभर द्रव बाहेरच्या उष्म्याने तापत राहतो, आणि त्यास वाट न मिळाल्यास दाब शेकडो बारपर्यंत चढून व्हॉल्व्हचे अंग फाटू शकते. यावरचा उपाय इतका साधा आहे की त्याचे महत्त्व कोणाच्या ध्यानात येत नाही: ज्या बाजूने दाब येतो त्या बाजूस गोळ्यात एक बारीक छिद्र पाडून ठेवतात. काही निर्माते छिद्राऐवजी आपोआप दाब सोडणारी सीट (गोळा टेकतो ती कडी) बसवितात. परंतु छिद्रास स्प्रिंग लागत नाही, ते थकत नाही, त्यामुळे माझा पक्षपात त्याच्याकडे आहे.

या छिद्रामुळे व्हॉल्व्ह एकमार्गी होतो, म्हणून त्याच्या अंगावर बाण कोरलेला असतो. दुरुस्तीच्या वेळी गोळा बाहेर काढून पुन्हा बसविताना तो अर्धा फेरा उलटा बसला, तर बाण एक सांगतो आणि छिद्र दुसरे; आणि भांडारातून साध्या पाण्याच्या व्हॉल्व्हचा तशाच मापाचा, बिनछिद्राचा गोळा आणून बसविला, तर बाहेरून काहीच दिसत नाही. याखातर जाणता फिटर खोलण्यापूर्वीच अंग, गोळा, स्टेम (दांडी) आणि बॉनेट (वरचे झाकण) यांवर जुळणीच्या खुणा करतो. मोठे व्हॉल्व्ह बहुधा वाहिनीस वेल्ड केलेले असून त्यांचे आतले भाग वरून, बॉनेट काढून, बाहेर घेता येतात; लहान तीन तुकड्यांच्या व्हॉल्व्हचा मधला भाग बोल्ट काढून अलग होतो.

पाना लावण्याआधीचा विधी याहून लांब आहे. दोन्ही बाजूंचा पुरवठा तोडून कुलूप व ताकीदपट्टी लावणे, द्रव काढून टाकणे, नायट्रोजनने वाहिनी धुणे, आणि मग धातू भोवतालच्या तापमानावर येईपर्यंत थांबणे. त्यानंतर गोळा अर्धवट उघडून पोकळी मोकळी करणे, वायुमापकाने खात्री करणे, आणि तेव्हा कोठे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने सैल करणे. यांतली ‘थांबणे’ ही पायरी परवान्याच्या कागदावर एका ओळीत मावते, प्रत्यक्षात ती बराच वेळ खाते, आणि घाईच्या वेळी पहिली कात्री तिलाच लागते. गळतीच्या वेळी दिसणारे पांढरे धुके म्हणजे हवेतली गोठलेली वाफ. वायू स्वतः अदृश्य, आणि स्वयंपाकघरातल्या गॅसला मुद्दाम दिलेला वास येथे अद्याप घातलेला नसतो. धुण्यासाठी वापरलेला नायट्रोजनही कोंदट जागी श्वास कोंडून मारतो. अतिशीत द्रव केवळ कारखान्यांतच असतात असे नव्हे: 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीस गळती लागून दाब घसरला आणि 20 हून अधिक रुग्ण दगावले. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हवर तर तेलाचे बोट लागणेही वर्ज्य, कारण ते पेट घेऊ शकते.

पुन्हा बांधण्याचे शास्त्र धातूंच्या स्वभावावर चालते. स्टेनलेस पोलाद या थंडीत मीटरमागे अडीच ते तीन मिलिमीटर आखडते, टेफ्लॉनची सीट त्याच्या कितीतरी पट. म्हणून सीटच्या मागे लवचीक आधार लागतो, आणि स्टेमभोवतीच्या पॅकिंगवर दाब टिकविण्यासाठी बशीच्या आकाराच्या स्प्रिंगा. बॉनेट लांब नळीसारखे उंच ठेवतात ते पॅकिंगपर्यंत द्रव पोहोचू नये, मध्ये वायूचा स्तंभ राहावा, एवढ्यासाठी. म्हणूनच व्हॉल्व्ह आडवा बसविणे नापसंत. बोल्ट बदलताना साध्या पोलादाचा चालवून घेण्याचा मोह होतो. 1944 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे कमी निकेलच्या पोलादाची टाकी थंडीने ठिसूळ होऊन फुटली आणि सव्वाशेहून अधिक माणसे जळून मेली. युद्धकाळात निकेलची टंचाई होती, हे कारण त्या मृतांच्या आप्तांस कितपत पटले असेल?

आणि येथे कोकणचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. उघड्या व्हॉल्व्हमध्ये शिरलेली दमट हवा म्हणजे पुढच्या थंडाव्यात गोळ्यावर साचणारे बर्फ, जे नरम सीटवर ओरखडे काढते. आषाढात अंजनवेलच्या हवेत ओल किती असते हे सांगावयास नको. खारी हवा आणखी वाईट, कारण ताणाखालच्या स्टेनलेस पोलादास क्लोराईडमुळे तडे जातात, विशेषतः उष्णतारोधक आवरणाखाली, जेथे कोणी डोकावत नाही. तेव्हा काम बंदिस्त, कोरड्या कार्यशाळेत व्हावे, जोडलेला व्हॉल्व्ह कोरड्या नायट्रोजनने धुवावा, आणि ब्रिटिश मानक 6364 सारख्या नियमांप्रमाणे उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनच्या हौदात बुडवून, आत हेलियम भरून गळती मोजावी. सामान्य तापमानावर पाण्याने केलेली चाचणी थंडीत काहीच सिद्ध करीत नाही. तरी प्रवेशद्वारी ‘अपघातविरहित दिवस’ मोजणारे फलक लावणाऱ्या व्यवस्थापनांस हा हौद खर्चिक वाटतो, असा माझा संशय आहे.

व्हॉल्व्ह जागेवर गेल्यावरही वाहिनी एकदम थंड करता येत नाही. तळ गोठला आणि माथा उबदार राहिला तर नळ धनुष्यासारखा वाकतो, म्हणून आधी थंड वायू, मग थोडा द्रव, असा क्रम. आणि थंड झालेल्या जोडांवर गळती तपासून, निर्मात्याने सांगितले असेल तेथे बोल्टांचा आवळ पुन्हा पाहणे. एवढा सगळा अवकाश बारमाही वेळापत्रकात कोणत्या महिन्यात राखून ठेवला आहे, आणि तो मोडण्याचा अधिकार कोणत्या हुद्द्याच्या अंमलदारास आहे, हे कंपनीने टनांच्या आकड्यांशेजारीच छापावे.