बारामती-इंदापूरचे वार्तापत्र : अर्ध्या कोयत्याचे नाव

गळीत हंगाम ऐन भरात आहे. मराठवाड्यातल्या वाचकांना हा मुलूख समजायचा तर सुरुवात नीरा डाव्या कालव्यापासून करावी लागते. इंग्रजी अमदानीत हे पाणी आले. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाने: बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी. इथला शेतकरी कारखान्याचा सभासद असतो आणि संचालक मंडळाची निवडणूक आमदारकीइतक्याच चुरशीने लढतो. ऊस तोडायला मात्र आपल्या बीडची माणसे लागतात.

फडात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. तो ऊस तोडतो, ती पाचट काढून मोळी बांधते. मग डोक्यावर चुंबळ, त्यावर मोळी घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढते. अंधारात कोपीतली भाकरी तिनेच थापलेली असते. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, हिशेबही त्याच्याच नावावर. पाळीच्या दुखण्याने ती एक दिवस बसली, तरी खाडा दोघांचा धरतात.

याच खाड्याच्या धास्तीने अनेक बायकांनी गर्भाशये काढून घेतली. या प्रश्नाचा आवाका 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या सरकारी समितीने दाखवला. बीड जिल्ह्यात तपासलेल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती.

आता या बायका संघटित होत आहेत. मनीषा तोकले यांची महिला ऊसतोड कामगार संघटना आणि महिला किसान अधिकार मंच, म्हणजे 'मकाम', यांची मूळ मागणी साधी आहे: बाईची कामगार म्हणून स्वतंत्र नोंद करा, तिला तिच्या नावाचे ओळखपत्र द्या. तोडणी कामगार आणि कारखाने यांच्या जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपये झाला. दिवसाकाठी दोन टन ऊस तुटला तर त्या दराने कोयत्याचे 732 रुपये. त्यातले निम्मे तिच्या कष्टाचे आहेत, पण ते तिच्या हातात पडत नाहीत. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. पण नोंदच नसलेल्या बाईने त्याच्या दारात कोणत्या हक्काने उभे राहायचे?

वर सांगितलेले चारही कारखाने सहकारी आहेत, म्हणून इथल्या सभासदांची जबाबदारी मोठी. वार्षिक सभेत उसाच्या भावासाठी जो आवाज चढतो, तोच एकदा तोडणी करारावर बाईचे नाव आणि तिच्या खात्यात तिची मजुरी यासाठी चढवा. आणि बीडकरांनो, पुढच्या हंगामाची गाडी भरण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन घरच्या बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने करून घ्या.