कोंडा, तूस आणि चुणी : गव्हाणीतील हिशेब

धान्य सडताना, दळताना व भरडताना माणसाच्या ताटात न जाणारा जो भाग उरतो, तो आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गव्हाणीत जात आला आहे. आंबोणात कोंडा वा चुणी कालवणे ही तर घरोघरची रीत होय. परंतु गिरणीतून बाहेर पडणारे हे सर्व पदार्थ सारख्या मोलाचे नसतात.

भाताचेच उदाहरण घ्यावे. शंभर किलो भात सडला असता सुमारे २० किलो तूस व ८ किलोच्या आसपास कोंडा निघतो. तूस म्हणजे दाण्यावरचे कठीण कवच. ते जाळल्यास वजनाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाइतकी राख उरते व ती बहुतांशी सिलिकाची असते. जनावरास त्यातून पोषण जवळपास मिळतच नाही. कोंडा मात्र तांदळावरील पातळ थर व अंकुर यांचा बनलेला असून त्यात १२ ते १५ टक्के प्रथिने आणि १५ ते २० टक्के तेल असते. जुन्या पद्धतीच्या हलरमध्ये तूस व कोंडा एकत्रच बाहेर पडतात. कोकणातील वा भंडारा-गोंदिया भागातील पशुपालक ‘कोंडा’ म्हणून जे पोते घरी नेतो, त्यात कोंडा किती व तूस किती, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते. चिमूटभर माल बोटांत चोळला असता तूस खरखरते व टोचते. अशा मिश्रणाने गाईचे पोट भरते. दूध वाढत नाही.

कोंड्यातील तेल ही जमेची बाजू खरी, पण तीच त्याची अडचणही आहे. सडल्याबरोबर कोंड्यातील विकर तेलाचे विघटन सुरू करते आणि काही दिवसांतच त्यास खवट वास येऊ लागतो. असा कोंडा जनावरे नाकारतात. तेल काढून घेतलेला कोंडा अधिक काळ टिकतो. त्यात प्रथिनांचे प्रमाण थोडे वाढते, परंतु तेलापासून मिळणारी ऊर्जा कमी होते. तेव्हा दोहोंना एकच भाव देणे योग्य नव्हे.

गव्हाच्या कोंड्यात प्रथिने १५ टक्क्यांच्या आसपास असतात. तो हलका, रुचकर व सारक असल्याने व्यालेल्या गाईस आवर्जून दिला जातो. तथापि, खनिजांच्या बाबतीत तो फार एकांगी आहे. एक किलो कोंड्यात स्फुरद सुमारे १० ग्रॅम, तर कॅल्शियम जेमतेम एक ते दीड ग्रॅम असते. उलटपक्षी एक लिटर दुधातून सुमारे सव्वा ग्रॅम कॅल्शियम शरीराबाहेर जाते. दहा लिटर दूध देणाऱ्या गाईस केवळ कोंड्यावर ठेवले, तर ही तूट तिच्या हाडांतून भरून निघते. बैलांच्या बाबतीत धोका निराळा आहे. खुराकात स्फुरद फार झाल्यास मूत्रमार्गात खडे धरतात. बैलाची मूत्रनलिका अरुंद व नागमोडी असल्याने खडा तेथे अडकतो. लघवी तुंबून मूत्राशय फुटल्यास जनावर दगावते. खुराकात कोंडा साधारणतः तिसऱ्या हिश्शापर्यंत ठेवावा, सोबत पेंड, भरडा, खनिज मिश्रण व मीठ असावे, आणि पाणी मुबलक द्यावे. द्विदल चाऱ्यात कॅल्शियम भरपूर असल्याने लसूणघासाची जोड उपयुक्त ठरते.

अकोला, लातूर, जळगाव येथील डाळ गिरण्यांतून निघणारी तूर व हरभऱ्याची चुणी डाळीच्या कण्यांमुळे प्रथिनयुक्त असते. मात्र तीत टरफलच अधिक असल्यास तिचे मोल घसरते. कणी डोळ्यांस दिसते, म्हणून पोते उघडून पाहूनच खरेदी करावी.

पावसाळ्यात ओल लागलेल्या कोंड्यास व चुणीस बुरशी येते. काही बुरशींपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतास बाधते व दुधातही उतरते. माल उन्हात वाळविल्याने वा शिजविल्याने त्याचा पुरता नाश होत नाही. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. गाठी धरलेला व कुबट वासाचा माल कोणत्याही जनावरास घालू नये, खताच्या खड्ड्यात टाकावा.