गिटारचं ट्यूनिंग बदललं की सेटअप का बदलावा लागतो?

समजा, तुमची इलेक्ट्रिक गिटार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये छान वाजते आहे. गायकाला पट्टी उंच पडते म्हणून तुम्ही सहाही तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवल्या. काम दोन मिनिटांचं. ट्यूनरही सांगतो की सगळं बरोबर आहे. पण वाजवायला घेतलं की जाड तारा फ्रेटवर आपटून खरखरतात आणि वरच्या फ्रेटवर धरलेली कॉर्ड बेसूर लागते. अशा वेळी बहुतेकांना वाटतं की गिटारच बिघडली. काही जण लगेच चावी घेऊन नेक पिळायला लागतात आणि मग ती खरोखरच बिघडते.

खरं तर गिटारमध्ये दोष नसतो. ती जुन्या ट्यूनिंगसाठी जुळवलेली असते, एवढंच.

ताणाचा हिशोब

गिटारच्या तारा नेकला सतत पुढे ओढत असतात. ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीचा नेहमीचा संच २५.५ इंच तारलांबीच्या गिटारवर (उदा. स्ट्रॅटोकास्टर) लावला, तर सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४७ किलो भरतो. या ओढीला तोंड देण्यासाठी नेकच्या आत ट्रस रॉड नावाची धातूची सळई असते. तारा एका बाजूने ओढतात, सळई दुसऱ्या बाजूने तोलून धरते. सेटअप म्हणजे मुळात हा तोल.

तारेचा ताण हा वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे अर्धा स्वर खाली आलं, म्हणजे सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराएवढं, की ताण सुमारे ११ टक्के घटतो. पूर्ण स्वर खाली आलं की सुमारे २० टक्के घटतो. आपल्या उदाहरणात नेकवरची जवळपास १० किलोंची ओढ एकदम कमी झाली. सळईचा जोर मात्र तेवढाच राहिला. म्हणून नेक सरळ होते किंवा किंचित मागे झुकते आणि तारा फ्रेटच्या जवळ येतात. शिवाय सैल तार जास्त रुंद झोके घेते. खरखर या दोन्हींमुळे होते.

'ड्रॉप डी'मध्ये मात्र फक्त सहावी तार एक स्वर उतरते. एकूण ताण तीन-चार टक्केच कमी होतो. तेवढ्यासाठी पक्क्या ब्रिजच्या गिटारला सहसा हात लावायची गरज नसते.

आधी तारा ठरवा

म्हणून पहिला प्रश्न असा: नवं ट्यूनिंग एका गाण्यापुरतं आहे की कायमचं? एका गाण्यापुरतं असेल तर थोडी खरखर सोसा आणि हलक्या हाताने वाजवा. कायमचं असेल तर तारांपासून सुरुवात करा.

तार जाड केली की तोच सूर लावायला जास्त ताण लागतो. पूर्ण स्वर खाली जाऊन पूर्वीइतकाच ताण हवा असेल, तर तारेची जाडी साधारण १२ टक्क्यांनी वाढवावी लागते. म्हणजे १०–४६ च्या जागी साधारण ११–५२. मग नेकला फारसा फरक जाणवत नाही.

ताण परत आणायलाच हवा, असं मात्र नाही. 'ब्लॅक सॅबथ'च्या टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात तुटली होती. त्यांना सैल तारा हव्या होत्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बममधल्या काही गाण्यांत त्यांनी गिटार दीड स्वर खाली लावली. उलट स्टीव्ही रे वॉन अर्धा स्वर खाली लावत, पण तारा भरपूर जाड वापरत. उतरलेलं ट्यूनिंग दोघांचंही होतं, ताण मात्र वेगळा.

क्रम चुकवू नका

तारा बसवल्या की गिटार नव्या ट्यूनिंगमध्ये लावा आणि मगच मोजमाप सुरू करा. पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून असते.

१. नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट पाहा. साधारण ०.२५ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट बहुतेक गिटारना चालते. फट नसेलच तर ट्रस रॉड सैल करा, म्हणजे चावी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. फट जास्त असेल तर घड्याळाच्या दिशेने आवळा. एका वेळी पाव फेराच फिरवा, पुन्हा ट्यून करा, पुन्हा मोजा. लाकूड हळूहळू स्थिरावतं, म्हणून दुसऱ्या दिवशीही एकदा तपासा.

२. तारांची उंची. बाक ठरल्यानंतरच ब्रिजवरचे सॅडल वर-खाली करा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सुमारे २ आणि बारीक तारेखाली सुमारे १.५ मिलिमीटर, ही चांगली सुरुवात आहे. सैल तारा ठेवल्या असतील तर उंची थोडी जास्त लागेल. उंची वाढवून नेकचा बाक झाकायचा प्रयत्न करू नका.

३. इंटोनेशन. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे फ्रेट जागचे हलत नाहीत. म्हणून तारेची लांबी ब्रिजकडून जुळवावी लागते. तार दाबली की ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. सैल तारेत ही चढ जास्त असते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल नेकपासून लांब न्या. उतरता असेल तर नेककडे आणा. बेसूर कॉर्डचं दुखणं बहुधा इथे सुटतं.

४. नटाची खाच. जाड तार नटाच्या खाचेत अडकू लागली, तर खुंटी फिरवताना 'टक' असा आवाज येतो आणि सूर उडी मारतो. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून पाहा. खाच कानशीने रुंद करणं हे जाणकाराचं काम. घासलेला नट पूर्ववत होत नाही.

तरंगत्या ब्रिजची वेगळी तऱ्हा

फ्लॉइड रोझसारखा तरंगता ब्रिज असेल, तर नेकच्या आधी त्याच्याकडे पाहावं लागतं. तिथे तारांचा ताण मागच्या स्प्रिंगांनी तोललेला असतो. ट्यूनिंग उतरवलं की स्प्रिंगा जिंकतात आणि ब्रिज मागे झुकतो. मग मागच्या झाकणाखालचे, स्प्रिंगांची पट्टी धरणारे दोन स्क्रू थोडे सैल करावे लागतात. तारा जाड होऊन ताण वाढला असेल तर ते आवळायचे. एक तार उतरवली की उरलेल्या पाच आपोआप चढतात, म्हणून या गिटारवर ड्रॉप डीसुद्धा सोपं नसतं. थोडं फिरवा, पुन्हा ट्यून करा, ब्रिज समतल होईपर्यंत हेच चालू ठेवा.

कुठे थांबायचं?

सॅडल, स्प्रिंगा आणि तारांची उंची यांत चूक झाली तर ती परत फिरवता येते. ट्रस रॉडचं तसं नाही. आवळताना चावी फिरेनाशी झाली तर जोर लावू नका. रॉडचे आटे गेले किंवा तो तुटला, तर दुरुस्तीचा खर्च साध्या गिटारच्या किमतीएवढाही होऊ शकतो. अशा वेळी तारा सैल करून ती जाणत्या कारागिराकडे न्या. सोबत कोणतं ट्यूनिंग आणि कोणत्या जाडीच्या तारा वापरणार, हेही सांगा. या दोन गोष्टी कळल्याशिवाय त्यालाही सेटअप नेमका करता येणार नाही.