मुलांचे हात मातीत माखू द्या!

पोळा जवळ आला की मातीच्या बैलांची जोडी घरात येते. दारात बैल नसलेल्या आपण शहरातल्या बायका ती पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी नंदी सजवून नेणाऱ्या मुलांचे आपल्याला केवढे कौतुक! पण मैत्रिणींनो, हाच बैल आपल्या लेकराने स्वतःच्या हाताने करायला घेतला, तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? आठवून पाहा बरं! "अरे, काय हा चिखल करून ठेवलास!" हाच ना?

मी काही वेगळी नव्हते. प्राथमिक शाळेत चित्रकलेची म्हणून वेगळी बाई सहसा नसतेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही अर्धवेळ कलाशिक्षकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही शाळेत शंभराहून अधिक मुले असतील तर. पहिली ते पाचवीला वर्गावरची बाईच गणित घेते, मराठी घेते आणि चित्रकलाही घेते. अशीच मी चित्रकलेची बाई झाले. रंगपेटी सगळ्यांना परवडत नाही, माती मात्र फुकट, एवढाच विचार करून मी वर्गात माती आणली. तिने मलाच एक धडा शिकवला, तो तुम्हाला सांगायचा आहे.

शिंग कुणाचे चुकले?

शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात तिसरीच्या मुलांना मी बैल करायला सांगितले. एका मुलाने फार मन लावून बैल केला, पण डावे शिंग खाली कानाकडे वळलेले. मला वाटले, माती ओली म्हणून शिंग लवंडले. जाता जाता मी ते चिमटीत धरले आणि सरळ उभे केले. "बघ, आता कसा ऐटीत दिसतोय!"

तो काही बोलला नाही. हात धुऊन आला आणि तास संपेपर्यंत नुसता बसून राहिला. पुढच्या तासाला त्याने मातीला हातसुद्धा लावला नाही. मी म्हटले, पोरगा हट्टी दिसतो.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी गावात तोरणाखाली बैल उभे राहिले. अंगावर झुली, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा. त्यांत एक पांढरा बैल होता. त्याचे डावे शिंग थेट कानावर वाकलेले! शेजारी वडिलांबरोबर कासरा धरून तोच मुलगा उभा. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "माह्या ढवळ्याचं शिंग असंच हाये, बाई."

काय सांगू तुम्हाला, मला त्या गर्दीत मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी त्याची चूक सुधारली नव्हती. त्याने जे डोळ्यांनी नीट पाहिले होते, तेच पुसून टाकले होते. पुढच्या तासाला मी त्याच्याजवळ बसले आणि म्हटले, "माझं चुकलं रे. तुझा ढवळ्या मला पुन्हा करून दाखवशील?" त्याने दाखवला. वाळताना तो बैल पोटाशी चिरला, पण शिंग जागच्या जागी राहिले.

तेव्हापासून मी एक नियम घालून घेतला आहे: आधी विचारायचे, मग बोलायचे, आणि हात तर लावायचाच नाही.

शेजारच्या सेवाग्रामात

पुढे वाचनात आले की हेच आपल्या शेजारी, वर्धा नदीच्या पलीकडे, किती आधी सांगून झाले होते! ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला: मुलाने हाताने काम करत शिकावे. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ साली सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तिथल्या मुलांना त्यांनी कला शिकवली. ते स्वतः मातीची भांडी घडवणारे कलावंत होते. मुलाच्या हातून जे उतरते ते त्याच्या अनुभवातून यावे, मोठ्यांची नक्कल करून नव्हे, असे ते मानत.

तुम्ही म्हणाल, यातून अभ्यासाचे काय साधणार? पेन्सिल धरायला बोटांत जी ताकद लागते, ती माती मळताना आणि चिमटीत दाबताना आपसूक येते. शिवाय कागदावरचा बैल काही पडत नाही; मातीचा बैल मात्र पाय बारीक झाले की पोटावर बसतो. मग मूल स्वतःच पाय जाड करते. "जड अंगाला जाड पाय" हे त्याला कुणी सांगावे लागत नाही.

घरी कसे कराल?

आपल्याकडची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच, आणि ढवळ्याचे पोटही त्यामुळेच चिरले. म्हणून तिच्यात काहीतरी मिसळावे लागते. कुंभारही मातीत राख किंवा लीद मिसळतात. घरी चार वाट्या मातीला एक वाटी बारीक चाळलेली रेती पुरते.

माती फवारणी झालेल्या शेतातली मुळीच आणू नका. २०१७ साली कपाशीवरच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. कुंभाराकडून मागून घ्या, किंवा गणपतीच्या वेळची उरलेली शाडू वापरा.

ढेकळे आधी कडकडीत वाळवा, फोडा आणि मग भिजत घाला. अशी माती लवकर विरघळते. चाळणीतून गाळा, निवळू द्या, वरचे पाणी काढून टाका आणि कणकेसारखी होईपर्यंत सुकू द्या. मग भरपूर मळा. जोड द्यायचा असेल तिथे दोन्हीकडे काडीने रेघा मारा आणि पातळ चिखल लावून दाबा, म्हणजे शिंगे गळून पडत नाहीत. अंगठ्यापेक्षा जाड भाग आतून थोडा कोरून काढा. वस्तू उन्हात ठेवू नका. ओलसर फडक्याखाली सावलीत दोन-तीन दिवस हळूहळू वाळू द्या. आणि हौसेने गॅसवर भाजायला जाऊ नका हं! आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन वस्तू फुटते.

आता आपली खरी काळजी, कपडे! चिखलाचा डाग ओला असताना चोळू नका, तो आत जातो. वाळू द्या, ब्रशने झटका, थंड पाण्यात भिजवा आणि मग साबण लावा. हात बादलीत धुवावेत, नाहीतर मोरी तुंबते. खाली साठलेली माती पुन्हा कामाला येते. फरशीवरची वाळलेली माती झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. तिची धूळ छातीला चांगली नाही. मुलांच्या हाताला जखम असेल तर त्या दिवशी माती नको.

एवढे झाले की आपण बाजूला बसावे. मोडले तर मोडू द्यावे. न भाजलेली माती भिजवली की पुन्हा माती होते, काही वाया जात नाही. "हे काय केलंस?" असे दरडावण्याऐवजी "याच्याबद्दल सांग ना मला," एवढेच म्हणून बघा.

यंदाच्या पोळ्याला विकतच्या जोडीशेजारी आपल्या लेकराचा बैलही पाटावर मांडा. एखादे शिंग वाकडे दिसले, तर सरळ करायला हात पुढे नेऊ नका. कुणाचे आहे ते आधी विचारा.