चार तारांमागचा कारखाना

फेंडर कंपनीची प्रिसिजन बेस 1951 पासून विकली जाते आहे. नाव तेच, बाहेरची आकृतीही दुरून पाहिली तर जवळपास तीच. पण 1951 ची, 1957 ची, 1975 ची आणि आजची अशा चार बेस शेजारी ठेवून वाजवल्या, तर चार निरनिराळी वाद्ये ऐकू येतात. या फरकाचे श्रेय आपण वादकांना आणि त्यांच्या युगाला देतो. माझे लक्ष मात्र नेहमी कारखान्याकडे जाते. लाकूड कोणते मिळाले, तार कशी गुंडाळली, मालक कोण होता, कोणता कायदा आला, यांनी बेसचा नाद जितका घडवला, तितका फार थोड्या वादकांनी घडवला असेल.

लिओ फेंडर यांनी 1938 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले. त्यांना गिटार वाजवता येत नसे, पण उघडून दुरुस्त करता येईल अशी वस्तू कशी बनवावी हे त्यांना नेमके कळत होते. त्या काळी वाद्यवृंदातला खर्ज डबल बेस सांभाळी. माणसाहून उंच, गाडीत न मावणारे ते वाद्य ट्रम्पेट आणि ढोलांच्या गदारोळात ऐकूही येत नसे. सिॲटलच्या पॉल टुटमार्क यांनी तिसाच्या दशकातच आडवी धरून वाजवायची, पडदे असलेली विजेवरची बेस केली होती, पण ती फारशी खपली नाही. फेंडर यांनी हीच कल्पना कारखान्यात उतरवली. घोडीपासून वरच्या टोकापर्यंत तारेची लांबी 34 इंच, दांडीवर 20 पडदे, ॲश लाकडाचे भरीव धड आणि मेपलची अखंड दांडी. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. दांडी धडाला चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी जोडलेली होती. बिघडली की काढा आणि दुसरी बसवा. जुन्या वाद्यकारांना हा अडाणीपणा वाटला असेल, पण दांड्या एकीकडे आणि धडे दुसरीकडे बनवून शेवटी जोडायची सोय त्यातूनच झाली. आज जगभर बनणाऱ्या असंख्य बेस याच पद्धतीने बनतात.

पहिल्या काही वर्षांत एक अडचण वारंवार पुढे येई. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेले वेटोळे. वर तार थरथरली की त्यात क्षीण वीज उत्पन्न होते आणि तीच पुढे ॲम्प्लिफायरकडे जाते. 1951 च्या बेसमध्ये अशी एकच पट्टी होती, प्रत्येक तारेखाली एक चुंबक. त्यामुळे आसपासच्या दिव्यांची आणि ट्रान्सफॉर्मरची घूंऽ अशी गुणगुण नादात मिसळे. शिवाय तार छेडताच उठणारा टोकदार ठोका त्या वेळच्या स्पीकरांना पेलत नसे. 1957 मध्ये फेंडर यांनी पिकअपचे दोन तुकडे केले. दोन तारांसाठी एक तुकडा, उरलेल्या दोन तारांसाठी किंचित सरकवलेला दुसरा. दोन्हींची वेटोळी एकमेकांच्या उलट, चुंबकांची टोकेही उलट. बाहेरून आलेली गुणगुण दोन्हीकडे उलटसुलट होऊन एकमेकींना मारते, तारांचा नाद मात्र टिकतो. प्रत्येक तार आता दोन चुंबकांच्या मधोमध आली, आणि ठोक्याची धार बोथट होऊन आवाज गोल झाला. इतक्या कमी साहित्यात इतके साधणारी दुसरी रचना बेसच्या इतिहासात मला दिसत नाही. सत्तर वर्षे होत आली, तरी प्रिसिजनचा मूळ पिकअप तोच आहे.

ही वेटोळी गुंडाळणाऱ्या हातांची नावे बहुधा कुठेच उरत नाहीत. अबिगेल यबारा यांचे नाव उरले. 1956 मध्ये त्या फेंडरमध्ये कामाला लागल्या आणि अनेक दशके पिकअप गुंडाळत राहिल्या. दांड्यांना आकार देणारे टाडेओ गोमेझ यांच्या आद्याक्षरांच्या दांड्या आज संग्राहक शोधत फिरतात. त्या काळी तारेचा ताण कारागिराच्या बोटांत असे, म्हणून एकाच आठवड्यात बनलेले दोन पिकअपही सारखे वाजत नसत.

1960 मध्ये आलेली फेंडरची जॅझ बेस दांडीच्या वरच्या टोकाशी निमुळती होती. प्रिसिजनची रुंदी तिथे पावणेदोन इंच, जॅझची दीड. पिकअप दोन. नाव जॅझ असले तरी रॉक आणि फंकवाल्यांनीच ती उचलली. वादकांनी वाद्यात केलेले बदल कारखान्याने मागाहून स्वीकारावेत, हेही घडले. बेसवादक जॅको पास्टोरियस यांच्या 1962 च्या जॅझ बेसचे पडदे काढलेले होते आणि दांडीवरच्या उघड्या पट्टीवर इपॉक्सीचा थर होता. 1976 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, आणि बिनपडद्यांच्या बेसचे नादविश्व सगळ्यांना कळले. तारांचीही हीच कथा. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत बेसवादक जेम्स जेमर्सन आपल्या 1962 च्या प्रिसिजनवर सपाट वेष्टणाच्या जाड तारा वापरत आणि त्या बदलतच नसत. त्याच दशकात इंग्लंडमध्ये बेसवादक जॉन एन्ट्विसल यांच्यासाठी रोटोसाउंड कंपनीने गोल वेष्टणाच्या तारा बनवल्या, आणि खर्जात पियानोसारखा झगझगीतपणा आला. बेस तीच, तार बदलली की जन्म बदलतो.

जानेवारी 1965 मध्ये सीबीएस या प्रसारणकंपनीने फेंडर 1 कोटी 30 लाख डॉलरना विकत घेतली. सीबीएसचा काळ म्हणजे ऱ्हास, असे सरधोपट म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते. उत्पादन वाढले, दर्जा डळमळला, काही धडे विनाकारण जड झाली, जॅझ बेसच्या दांडीचे चार स्क्रू तीनवर आले आणि जोड सैल असल्याच्या तक्रारी आल्या, हे सगळे खरे. पण त्याच सत्तरीत जॅझ बेसचा मागचा पिकअप घोडीकडे थोडासा सरकवला गेला, आणि आवाजाला कडक, चटकदार धार आली. अंगठ्याने तार आपटून वाजवायची स्लॅप शैली तेव्हा जोरात होती, तिला हा आवाज हवाच होता. बेसवादक मार्कस मिलर यांची 1977 ची जॅझ बेस याच पिढीतली. वाद्यकार रॉजर सॅडोव्स्की यांनी तिच्यात प्रीॲम्प, म्हणजे वाद्यातच आवाज वाढवणारे छोटे मंडल, बसवला. ज्या काळातल्या मालाला नावे ठेवली जातात, त्याच काळातली ही एक बेस पुढच्या पिढीचा मानदंड ठरली.

खुद्द लिओ फेंडर यांनी तोवर म्युझिक मॅन या कंपनीत नवे काम उभे केले होते. तिथल्या 1976 च्या स्टिंगरे बेसमध्ये एकच जाडजूड पिकअप आणि 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प होता. खर्ज आणि तारस्वर वाद्यातच वाढवण्याची ही सोय ॲलेम्बिक कंपनीने आधी महागड्या, हाताने घडवलेल्या बेसमध्ये दिली होती. स्टिंगरेने ती कारखान्यात आणली.

चारच्या पाच तारा होण्याची गोष्ट मोठी बोलकी आहे. फेंडरने 1965 मध्ये पाच तारांची बेस काढली, पण पाचवी तार वरच्या बाजूला, तारस्वराची जोडली. ती चालली नाही आणि 1970 च्या सुमारास बंद झाली. लोकांना खाली जायचे होते. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. तिच्याखाली 31 कंपनांची तार 1975-76 च्या सुमारास वाद्यकार कार्ल थॉम्पसन यांनी बेसवादक अँथनी जॅक्सन यांच्या सहा तारांच्या बेसमध्ये आणि ॲलेम्बिकने जिमी जॉन्सन यांच्या पाच तारांच्या बेसमध्ये दिली. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर त्याहून खोल खर्ज लीलया काढू लागले, तेव्हा बेसवाल्यांना ही तार लागलीच. ती ढिली पडून भरभरू नये म्हणून काहींनी तारेची लांबी 35 इंच केली.

जपानने दिलेला धडा वेगळा होता. सत्तरीत तिथले कारखाने अमेरिकी बेसच्या इतक्या नेटक्या नकला करू लागले की 1982 मध्ये फेंडरनेच जपानी भागीदारांसह कंपनी काढली आणि मात्सुमोतोच्या फुजिगेनकडून काम करून घेतले. 1957 आणि 1962 च्या मॉडेलांच्या प्रतिकृती तेव्हापासून निघू लागल्या. 1985 मध्ये बिल शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी सीबीएसकडून कंपनी घेतली. त्या व्यवहारात फुलर्टनचा कारखाना नव्हता. नवा कारखाना कॅलिफोर्नियातल्याच कोरोना गावी उभा राहिला, आणि 1987 मध्ये मेक्सिकोतल्या एनसेनाडा येथे दुसरा. संगणकावर चालणाऱ्या कटरने दांड्यांचा आकार आता एकसारखा येतो. घासकाम आणि शेवटची जुळणी अजूनही माणूस करतो. स्वस्त बेस सुरात लागत नाही ही जुनी तक्रार या एकसारखेपणामुळे बरीच मिटली, आणि शिकाऊ मुलांसाठी याहून चांगले काही घडलेले नाही असे मला मनापासून वाटते.

यंत्रांनी हात बदलले, तसे कायद्यांनी लाकूड बदलले. ब्राझीलची रोझवूड जुन्या दांड्यांच्या पट्टीला असे. साठच्या दशकाच्या मध्यापासून तिची जागा भारतीय रोझवूडने घेतली, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या शिसवीने. वाड्यांतल्या कपाटांची आणि पाटांची तीच काळसर शिसवी कॅलिफोर्नियात बेसच्या पट्टीवर जाऊन बसली. ब्राझीलच्या झाडाचा व्यापार 1992 मध्ये आंतरराष्ट्रीय करारानुसार जवळपास बंद झाला. 2 जानेवारी 2017 पासून शिसवीच्या कुळातल्या सगळ्या जाती परवान्याच्या कक्षेत आल्या, आणि सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक खेपेला कागदपत्रांची कटकट सुरू झाली. फेंडरने मेक्सिकोतल्या मॉडेलांवर दक्षिण अमेरिकेतले पाउ फेरो हे लाकूड लावले. ते रंगाने फिके आणि बोटाखाली जरा कडक. 2019 च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना या नियमातून सूट मिळाली. तरीही एनसेनाडाच्या प्लेअर मालिकेत शिसवी परतायला 2024 साल उजाडले.